चार बोटांचा पसा

अक्का, तुम्हाला जाऊन तीन महिने झाले आणि अजून मी तुमच्यावर रागावलेलीच आहे. अकरा माणसांचं घर माझ्या गळ्यात टाकून तुम्ही पोळ्यानंतर पाचव्या दिवशी निघून गेलात. जाताना काही सांगितलं नाहीत, असं मी येईल त्याला सांगत होते. सांगितलं होतंत, हे आता कळलं. कळायला मला इतका उशीर लागला, म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते. मी वही उघडली की तुम्ही चुलीपासूनच ओरडायचात, "दुकानदारीण बसली बगा! समदे गुमान पैसे द्या आता." आज तसं कुणी ओरडलं नाही. दुपारची भांडी तशीच पडली आहेत आणि मला उठवत नाही.

दुकानदारीण मी होतेच. चौसाळ्याला वडिलांचं लहानसं दुकान, त्यात मी तराजूशेजारी बसून लिहायला शिकले. या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा आईनं सामानात पितळेचं मापटं दिलं होतं. पहिल्याच पहाटे तुम्ही, माझी थोरली जाऊ, मला दळण काढायला कणगीपाशी घेऊन गेलात. सूप पुढ्यात घेतलंत आणि उजव्या हातानं एकेक पसा ज्वारी घालू लागलात. प्रत्येक पशाला माणसाचं नाव घ्यायची तुमची रीत. "हे तुज्या भाऊजीचं. हे धाकल्याचं. हे पोराचं. हे तुजं." कामाच्या गड्याला सहा पसे, बाईला चार, पोराला दोन. शेवटी एक पसा आल्यागेल्याचा. मी तुमचा हात बघत होते. त्याला करंगळी नव्हती. लहानपणी कडबा तोडताना विळ्यानं नेलेली.

मी मोठ्या अभिमानानं मापटं पुढं केलं. तुम्ही ते हातात घेतलंत, उलटंसुलटं करून पाहिलंत, पदरानं पुसलंत. म्हणालात, "लई चांगलं हाय." आणि उतरंडीच्या सगळ्यात वरच्या मडक्यावर पालथं घातलंत. मी विचारलं, कावून? तर म्हणालात, "मापानं बलुत्याला घालावं, रोजगाऱ्याला घालावं. घरच्याला हातानं घालावं. मापाला काय कळतंय, कोण तापातून उठलंय अन् कुणाचं प्वाट बिगडलंय?"

ते मापटं एकोणीस वर्षं तिथंच पालथं राहिलं. आपलं भांडणही तितकीच वर्षं चाललं. मी म्हणायचे, अक्का, हाताचा पसा रोज वेगळा भरतो. तुम्ही म्हणायचात, माणसाची भूक तरी रोज कुठं सारखी असते! मी म्हणायचे, माप असलं म्हणजे कुणाला बोलायला जागा राहत नाही. तुम्ही म्हणायचात, बोलणाऱ्याला जागा लागत नाही. असं काही बोलून तुम्ही चुलीकडं तोंड करायचात आणि मग पाठीशी कोण भांडणार?

तुमची काटकसर मला सुरुवातीला लाजिरवाणी वाटायची, हे आता सांगते. युसूफ वडगावच्या बाजाराला सगळ्या बायका सकाळी जायच्या. आपण मात्र उन्हं कलल्यावर दीड कोस चालत जायचो, बाजार उठायच्या बेताला. माळणी पाट्या आवरताना तुम्हाला बघून म्हणायच्या, "अक्का आल्या, चला, बाजार उठला." घरी परत न्यायला जड होणारी भाजी त्या तुमच्या ओट्यात टाकायच्या आणि तुम्ही त्यांनाच उपकार केल्यासारखं तोंड करायचात. किडकं वांगं मी बाजूला काढलं तर मलाच शहाणपण शिकवायचात, "किड्याला कळतंय गं ग्वाड वांगं कंचं त्ये. तेवढं त्याचं काढून टाक, बाकीचं आपलं." मीठ आणि गूळ सोडला तर विकतचं असं आपल्या चुलीवर काही चढत नसे. तव्याला तेल लावायला काडीला चिंधीचा बोळा, तो वर्षभर तोच. डाळ भरडली की कळणा वेगळा, चुरी वेगळी, टरफलं म्हशीला. हरभऱ्याचा पाला शेंडे खुडून सावलीत वाळवलेला, उन्हाळ्यात मूठभर चुरून टाकला की भाजी. आता हे सगळं मी जसंच्या तसं करते. चव मात्र येत नाही, अक्का. पोरं तोंडावर सांगतात.

तहसीलचे शिपाई आले होते तो दिवस आठवतो? आपली जेवणं उरकलेली, आमटी दोघांपुरती आणि ओसरीवर सात माणसं येऊन बसलेली. भाऊजींचा चेहरा उतरला. मी शेजारी उसनं मागायला निघाले तर तुम्ही मला हाताला धरून मागं ओढलंत. येसराचा डबा उघडलात, भाजलेल्या ज्वारी-डाळीचं आणि धन्या-मिरच्यांचं ते पीठ दोन पळ्या पाण्यात कालवून आमटीत ओतलंत, वर आणखी तांब्याभर पाणी. दुसऱ्या चुलीवर मी भाकरी थापत होते. सातजण जेवले. त्यातला दाढीवाला शिपाई वाटी पुढं करून म्हणाला, "अम्मा, और देव जी. क्या डाले इसमें?" तुम्ही पदर पुढं ओढून गंभीरपणे उत्तर दिलंत, "कुच नै भैया. पानी डाले." आम्ही आत तोंडात पदर कोंबून हसत होतो. तो बिचारा जाताना पाण्याची तारीफ करून गेला.

हसले, आणि आता पुन्हा तेच लिहायचं टाळते आहे जे लिहायला बसले.

चौदा वर्षांपूर्वी पाऊस नीट झाला नाही, त्या वर्षाचं. कणगी निम्मीच भरली होती. तुम्ही दरसाल करायचात तसं कणगी भरण्याआधी आतल्या शेणाच्या लिंपणावर कावेनं रेघा ओढल्या होत्यात, दर अमावास्येची एक. त्या अमावास्येला धान्य त्या रेघेला असलं म्हणजे नव्या ज्वारीपर्यंत घर तरणार. एरवी दोन रेघांत वीतभर अंतर असायचं, त्या वर्षी अर्ध्या वितीचं ठेवलंत. सगळ्यांचाच पसा कमी झाला. माझा मधला मुलगा तेव्हा भाकरीसाठी रडायचा. एक दिवस मला ते सोसलं नाही आणि मी भाऊजींच्या देखत बोलले, "अक्का, तुमच्या चार बोटांतून माझ्याच लेकरांच्या वाट्याचं गळतंय."

तुमच्या हाताला कुणीच कधी बोललं नव्हतं. मी बोलले. दुसऱ्या दिवशी सूप माझ्यासमोर ठेवलंत आणि म्हणालात, "घाल. तुज्या लेकरांचं तू घाल." मी पाच बोटांनी, चांगला भरघोस पसा घातला. सुगीपर्यंत रोज घातला. आणि दर अमावास्येला कणगीत वाकून पाहिलं तर धान्य बरोबर रेघेला! मी मनात म्हटलं, बघा, कमी नव्हतंच काही, ही बाई उगाच आमचा जीव खात होती.

त्याच वर्षी तुम्ही सोमवार धरलेत. मग गुरुवार. मग शनिवारही. गुळाचा खडा आणि पाणी. मी तुमची चेष्टा करायचे, "अक्का, रोज रोज हाक मारली तर देव कंटाळंल की." तुम्ही हसायचात. सुगी आली तसे उपास सुटले आणि सूप तुम्ही परत आपल्याकडं घेतलंत. मी विचारलं नाही. इतकी वर्षं एका चुलीशी बसलो, त्या बोलण्याबद्दल मी एकदाही चुकले म्हटलं नाही. आधी राग होता म्हणून, नंतर लाज होती म्हणून, आणि पुढं पुढं तुम्ही विसरला असाल म्हणून.

तापाच्या पाचव्या दिवशी तुमची वाचा गेली होती. मी उशाशी बसले होते. तुम्ही माझा उजवा हात ओढून घेतलात, पंजा उघडलात आणि त्यावर आपला पंजा ठेवलात. बोटाला बोट लावलंत. मग माझी करंगळी धरलीत आणि आत दाबलीत. पुन्हा दाबलीत. मला वाटलं, माया करताहेत, झालं-गेलं सगळं माफ केलं. मी तुमचा हात तोंडाशी घेऊन रडत बसले. तुम्ही डोळे मिटलेत, जरा वैतागूनच, असं आता वाटतं.

तुमच्यामागं सूप माझ्याकडं आलं. मापटं उतरवायला आता कुणाची हरकत नव्हती, पण तेराव्याच्या आत तुमची रीत मोडायचा धीर झाला नाही आणि तेराव्यानंतर इच्छा झाली नाही. गड्याला सहा, बाईला चार, पोराला दोन. नावं घेऊन, तुमच्यासारखंच. तुमच्या नावाचे चार पसे फक्त वगळले. पहिले काही दिवस तेही सुपात पडायचे आणि मी परत काढायचे.

सर्वपित्रीला दुखवट्यात बघायचं राहून गेलं, म्हणून दिवाळीच्या अमावास्येला पाटावर चढून कणगीत वाकले. रेघ वर उघडी पडली होती. धान्य तिच्या अर्धी वीत खाली. तेराव्याची ज्वारी भाऊजींनी वेगळी आणली होती, म्हणजे ते कारण नव्हे. उंदराचं बीळ शोधलं, नव्हतं. असंच चाललं तर माघातच तळ लागणार आणि हाली शिक्क्याचे रुपये मोजून बाजारची ज्वारी आणावी लागणार. एकोणीस वर्षांत जे तुम्ही एकदाही होऊ दिलं नाहीत, ते माझ्या हातून दुसऱ्याच महिन्यात.

मग मी तेच केलं जे मला येतं. दिवाळीला गोदाची आई तिला भेटायला आली होती. तुमची सून ती, वर्षाची पोर कडेवर, अजून या घरात वर मान करून बोलत नाही. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "गोदा, तुज्या आईचं गठुडं जाताना लई जड दिसत होतं."

ती चुलीपुढं बसली होती. तिनं भाकरी उलटली, तव्यावरच राहू दिली आणि उठून गेली. भाकरी करपली. तुमचा मुलगा ताटावरून उठला. म्हणाला, "काकू, तिच्यावर आळ घेता व्हय? आमची चूल येगळी करून द्या." हे आपल्या भावाकडं बघत होते. भाऊजी तुम्ही गेल्यापासून चार शब्दांच्या वर बोलत नाहीत, ते त्या दिवशी बोलले. "होळीपतोर धान पुरलं तर चूल एकच. न्हाई पुरलं तर पाडव्याला दोन." आणि हात धुतला.

मी वाटणीला भीत नाही, अक्का. पुष्कळांच्या घरी दोन चुली आहेत आणि ती माणसं सुखानं जेवतात. पण तुमची चूल चोरीच्या आळानं फुटावी आणि तो आळ मी घेतलेला असावा, एवढं मला नको होतं. चार दिवस घरात भांड्यांशिवाय आवाज नव्हता. गोदा माझ्या हातचं वाढलेलं खायची, पण दुसऱ्यांदा घ्यायची नाही.

पाचव्या दिवशी जळण संपलं, म्हणून परसातला गोवऱ्यांचा उडवा फोडला. उन्हाळ्यात आपण तिघींनी थापलेल्या, रचून वरून शेणानं लिंपून ठेवलेल्या. पहिलीच गोवरी हाती आली आणि तिच्यावर तुमचा हात होता. अंगठा आणि तीन बोटं. गोवऱ्या थापल्या की तुम्ही शेवटची थाप जोरात मारायचात, तशी उमटलेली. मी ती मांडीवर घेऊन तिथंच बसले. रडू आवरल्यावर उगाचच, काही मनात नसताना, मी माझा पंजा त्या ठशावर ठेवला. चहूकडून बाहेर आला. बोटं पेरभर लांब, तळवा रुंद आणि करंगळी तर सगळीच बाहेर.

तेव्हा कळलं, अक्का. तुमचे सहा म्हणजे माझे सहा नव्हेत. ज्या हाताला मी भर घरात नावं ठेवली, तोच हात हिशेबात धरायला विसरले. आणि मरताना तुम्ही माझ्यावर माया करत नव्हतात. तुम्ही पसा मोजत होतात. करंगळी आत घे, बाई, पुरणार नाही, एवढंच सांगत होतात आणि मी तुमचा हात ओला करत बसले होते. प्राण निघून चालला तरी तुमच्या डोळ्यांपुढं कणगीच होती. मला हसू आलं, मग राग आला, मग पुन्हा रडू आलं.

आणि त्या मागोमाग दुसरी गोष्ट कळली, ती जास्त वाईट. चौदा वर्षांपूर्वी पाच महिने मी हाच मोठा पसा माझ्या मुलांसाठी घालत होते आणि तरी धान्य रेघेला होतं. ते कुणाच्या नावाच्या पशातून येत होतं? सोमवार, गुरुवार, शनिवार. मी तुमच्या देवाची चेष्टा करत होते, आणि देव त्यात कुठं नव्हताच.

चुकले, अक्का. चौदा वर्षांनी, तुम्ही नसताना म्हणते आहे. याचा तुम्हाला काही उपयोग नाही, मला ठाऊक आहे.

ती गोवरी घेऊन मी आत गेले. गोदा पोरीला थोपटत होती. मी तिला ठसा दाखवला, त्यावर माझा हात ठेवून दाखवला. म्हटलं, "तुज्या आईचं गठुडं हलकं होतं, पोरी. माजा हात मोठा होता. चुकलं माजं." तिनं ठशावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "काकू, मी घर सोडून जाईन म्हनून आईला सांगावा धाडला होता. आता येत न्हाई म्हनून परत धाडते." सगळ्यांसमोर आळ घेतला होता, म्हणून रात्रीच्या जेवणाला सगळ्यांसमोर परत घेतला. तुमच्या मुलानं भाकरी मागून घेतली.

मापटं मी उतरवलं बरं का. कोळिष्टकं पुसली, चिंचेनं घासलं. म्हटलं, एकदा तुमचा पसा मापून घ्यावा, म्हणजे कायमचा घोर मिटेल. दोन दिवस मापानं दळण काढलं. तिसऱ्या दिवशी गोदाची पोर तापातून उठली, भाकरीचा तुकडा मागायला लागली. मी मापटं भरलं, तळहातानं सपाट केलं आणि थांबले. मग वर थोडं घातलं. मग दुपारी न जेवलेल्या गड्याचं आठवलं, त्याचंही थोडं. मापावरून ज्वारी ओघळायला लागली तेव्हा समजलं की माझं हे भांडण मीच हरले. मापटं पुन्हा उतरंडीवर पालथं आहे. तुम्ही असतात तर आठ दिवस चिडवलं असतंत.

एक मात्र मी तुमचं ऐकणार नाही. तुमच्या उपासांचं मी गोदाला सांगितलं, तेव्हाच तिनं हळूच विचारलं, "काकू, अर्धी वीत भरून काडाया मी सोमवार धरू?" मी तिच्यावर खेकसलेच. या घरात आता कुणी देवाच्या नावानं उपाशी राहायचं नाही. भाऊजींपासून पोरांपर्यंत सगळ्यांना कणगीपाशी नेऊन ती उघडी रेघ दाखवली. म्हटलं, एवढं कमी आहे, सगळ्यांनी मिळून भरून काढायचं. संध्याकाळी भाकरीऐवजी कण्या आणि ताक, एक दिवसाआड हुलग्याचं माडगं. पोरांनी तोंडं वाकडी केली. भाऊजींनी कण्यांची दुसरी वाटी मागितली. अक्का, तुम्हीही त्या वर्षी आम्हाला असंच कणगीपाशी नेलं असतंत तर आम्ही खाल्ल्या असत्या कण्या. मीसुद्धा खाल्ल्या असत्या. हा राग माझा तुमच्यावर कायम राहणार.

काल अमावास्या झाली. वाकून पाहिलं. धान्य अजून रेघेच्या खालीच आहे, पण अर्धी वीत होतं ते आता तीन बोटं राहिलं. तुमच्या ठशाच्या गोवऱ्या संपत आल्या आहेत. पहिली मी कोनाड्यात ठेवली होती, पण तुम्ही "जळण काय पुजाया असतंय व्हय?" म्हणाला असतात, म्हणून आज पहाटे तीही चुलीत घातली. चांगली जळाली.

नंतर दळण काढायला गोदाला शेजारी घेतलं. मी करंगळी आत मुडपून पसा भरत होते, नावं घेत होते. तिच्या हातात सूप दिलं तर तिनंही करंगळी मुडपली. तिचा हात आधीच एवढासा, त्यात चार बोटं. मी तिची करंगळी धरून सरळ केली.

"तुजी राहू दे. तुजा पसा बरोबर हाय."

"मग तुमी कावून मुडपता?"

मी म्हटलं, "ह्यो माजा हात न्हाई, गोदा. अक्कांचा हाय."

तिनं मान हलवली आणि पसा भरला. "हे मामाजींचं," ती म्हणाली. सगळ्यांची नावं झाली, आल्यागेल्याचाही पसा झाला. मग तिनं आणखी चार पसे घातले आणि नाव घेतलं नाही. मी ते परत काढले नाहीत.